चिरंजीव सुतळी

मनुष्याच्या आयुष्याची मर्यादा किती असावी ह्याविषयी ऋषी, वैद्य आणि विम्याचे एजंट ह्यांचे अद्याप एकमत झालेले नाही. परंतु कागदाच्या आयुष्याची मर्यादा शासनाने, कोणताही वितंडवाद होऊ न देता, केव्हाच ठरवून टाकलेली आहे. मूल जन्मले की पाचव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी काय लिहायचे ते लिहून जाते, आणि तो लेख कोणाला वाचता येत नसल्यामुळे माणूस निदान आशेवर तरी जगतो. सरकारी कागदाला ती सोय नाही. त्याच्यावर बारनिशीचा शिक्का पडून प्रकरण निकालात निघाले, की त्याच्या कपाळी अ, ब, क, ड ह्यांपैकी एक अक्षर ठसठशीत लाल शाईत लिहिले जाते आणि त्याला त्याचे मरण तारीखवार कळून चुकते. 'अ' वर्गाचा कागद कायमचा, म्हणजे यावच्चंद्रदिवाकरौ. 'ब' वर्गाचा ३० वर्षांचा. 'क' वर्गाचा १० वर्षांचा, आणि त्याचा 'क-१' नावाचा एक अशक्त धाकटा भाऊ आहे, तो ५ वर्षांतच आटोपतो. 'ड' वर्गाच्या कागदाचे आयुष्य अवघे एका वर्षाचे. आमच्या कचेरीत ह्या वर्णव्यवस्थेला अनुसरून 'अ'ला तांबडे, 'ब'ला हिरवे, 'क'ला पिवळे आणि 'ड'ला पांढरे कापड बांधण्याचा प्रघात होता. ज्याला वर्षभरातच जायचे आहे त्याला आरंभापासूनच पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून ठेवण्याची ही दूरदृष्टी ज्या कोणा अधिकाऱ्याला सुचली असेल, तो पूर्वायुष्यात संन्यस्त वृत्तीचा असला पाहिजे.

ह्या कागदांच्या जननमरणाची नोंद ठेवण्याचे काम मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी बत्तीस वर्षे केले. लोक मला भाऊसाहेब म्हणत, कारण अभिलेखपाल हा शब्द घाईच्या वेळी कोणाच्या जिभेवर बसत नसे. माझा कारभार कचेरीच्या मागच्या अंगाला, जिथे पावसाळ्यात भिंतींना घाम आणि उन्हाळ्यात माणसांना बुरशी येई अशा एका लांबट दालनात चाले, आणि माझ्या हाताखाली एक दफ्तरी होता, ज्याला साहेबांपासून शिपायांपर्यंत सगळेच 'मामा' म्हणत. पुढच्या दालनातले लेखनिक सहा गठ्ठे पद्धतीने काम करीत. म्हणजे चालू प्रकरणांचा एक गठ्ठा, उत्तराच्या प्रतीक्षेतल्यांचा एक, नियतकालिकांचा एक, स्थायी आदेशांचा एक, अभिलेख कक्षात धाडायच्या कागदांचा एक आणि नष्ट करायच्यांचा एक. जन्मस्थान, धर्मशाळा आणि स्मशान ही तिन्ही एकाच टेबलाभोवती हाताच्या अंतरावर मांडणारी ही रचना ज्याने शोधून काढली त्याच्या तत्त्वज्ञानाला मी आजही मान तुकवितो. पाचवा गठ्ठा माझ्याकडे येई. सहावाही माझ्याकडेच येई, परंतु तो सहसा पाचव्यात मिसळून येई, आणि मग मृत कोण व जिवंत कोण ह्याचा निवाडा करीत मी व मामा दुपार काढीत असू.

हे सर्व ऐकून कोणाला असे वाटेल की मुदत भरली की कागद जातो. तसे असते तर अभिलेख कक्षाला दार ठेवून भागले असते, कुलपाची गरज पडली नसती. वित्तीय कागदाच्या बाबतीत नियमकर्त्यांनी एक पोटनियम असा घालून ठेवला आहे की ज्याच्यापुढे यमधर्मानेही आपला रेडा परत फिरवावा. ज्या प्रमाणकावर, देयकावर वा नोंदवहीवर लेखापरीक्षेचा आक्षेप आहे आणि तो निकाली निघालेला नाही, ते मुदत उलटली तरी नष्ट करता येत नाही. वरवर पाहता ह्यात अनुचित असे काहीच नाही. चोरीचा तपास संपण्यापूर्वी पावलांचे ठसे पुसू नयेत, इतकाच त्याचा आशय. परंतु त्याचा नैतिक परिणाम काय होतो पाहा. जे देयक निर्मळ आहे, ज्याची बेरीज पहिल्याच झटक्याला जुळते, ज्याच्यावर स्वाक्षरी स्वाक्षरीच्या जागी आणि तिकीट तिकिटाच्या जागी आहे, ते बिचारे दहा वर्षे मुकाट्याने अंधारात पडून ठरल्या दिवशी लगद्याच्या कारखान्यात जाते. आणि ज्यात खाडाखोड आहे, ज्याला पावती नाही, ज्याच्यावरचा दिनांक खरेदीच्याही आधीचा आहे, त्याला मरण नाही. आपल्या पुराणांतल्या सात चिरंजीवांत मारुती आहे, बिभीषण आहे, व्यास आहे. परंतु सरकारी दफ्तरातले यच्चयावत चिरंजीव अश्वत्थाम्याच्या गोत्राचे. कपाळी लाल पेन्सिलीची भळभळती जखम घेऊन ते वर्षानुवर्षे ह्या टेबलावरून त्या टेबलावर हिंडतात आणि तेलाऐवजी अनुपालन मागतात.

असाच एक अश्वत्थामा माझ्या हातून जन्मला.

१९७६ सालच्या मार्चअखेरीस, म्हणजे अनुदान व्यपगत होऊ नये म्हणून कचेऱ्यांना एकाएकी टाचण्यांपासून टेबलफॅनपर्यंत सर्व वस्तूंची निकड भासू लागते त्या पुण्यपर्वात, गठ्ठे बांधण्यासाठी दोन किलो सुतळी खरेदी झाली. दर किलोला ५ रुपये ७० पैसे, एकूण ११ रुपये ४० पैसे. मी ती साठा नोंदवहीत जमा धरली, मामांनी २१२ गठ्ठे बांधले, आणि मी खर्चाच्या रकान्यात 'गठ्ठे बांधण्याकामी खर्च' असे सुवाच्य अक्षरात लिहून नोंद बंद केली. ह्या तीन शब्दांत एका कारकुनाचे उत्तरायुष्य दडलेले आहे हे तेव्हा मला कळले नाही.

तीन वर्षांनी लेखापरीक्षा पथक आले. त्यातले धाकटे लेखापरीक्षक हे अंगाने कृश, वाणीने मृदू आणि जातिवंत शाकाहारी असे गृहस्थ होते. कचेरीचा चहा घेत नसत, स्वतःचा फिरकीचा तांब्या आणि त्यातले पाणी बरोबर आणीत. असा माणूस समोर बसला की जुन्या हिशेबनिसाच्या छातीत धस्स होते, कारण चहा न घेणारा लेखापरीक्षक म्हणजे पायरी नसलेली विहीर. त्यांनी रोखवही पाहिली, तसलमातींची नोंदवही पाहिली, आणि साठा नोंदवहीच्या एका पानावर बोट ठेवून अत्यंत आदराने विचारले, "भाऊसाहेब, ही दोन किलो सुतळी सगळीच्या सगळी गठ्ठ्यांना लागली?"

"हो साहेब."

"एका गठ्ठ्याला किती लागते?"

जगातल्या सर्व विद्यापीठांतून ज्याचे उत्तर मिळणार नाही असा हा प्रश्न होता. मी गप्प राहिलो. त्यांनी मामांना एक गठ्ठा सोडायला सांगितला, त्याची सुतळी गुंडाळून घेतली, आणि मामांना घेऊन ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदाराने खसखस जोखण्याचा लहान तराजू काढला. सुतळी भरली ८ ग्रॅम. परत येऊन त्यांनी कागदावर गुणाकार मांडला: २१२ गठ्ठ्यांना प्रत्येकी ८ ग्रॅम, म्हणजे १,६९६ ग्रॅम, खरेदी २,००० ग्रॅम, सबब ३०४ ग्रॅम सुतळीचा हिशेब लागत नाही. किंमत १ रुपया ७३ पैसे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर अर्धसमास आला. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो की अर्धसमास म्हणजे लेखापरीक्षेचे ते पत्र, ज्याच्या उभ्या घडीच्या एका बाजूस प्रश्न असतो आणि दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी सोडलेली असते. मी आयुष्यात त्याहून भयाण कोरी जागा पाहिलेली नाही.

त्या ३०४ ग्रॅमचे काय झाले हे मला आणि मामांना पक्के ठाऊक होते. खरेदीनंतरच्याच एप्रिलमध्ये आमच्या तत्कालीन साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांच्या दोन गाद्या, एक पाळणा आणि लोणच्याची बरणी ट्रकवर बांधायला मामांनी ती नेली होती. परंतु हे सत्य अर्धसमासाच्या अर्ध्या भागात मावणारे नव्हते. मी खिशातून एक रुपया पंच्याहत्तर पैसे काढून आमच्या हेडक्लार्कसाहेबांपुढे ठेवले आणि म्हटले, "अण्णा, हे भरून टाकू आणि मोकळे होऊ." अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती मला अजून आठवते. "भरलेस म्हणजे कबूल केलेस," ते म्हणाले. "आज सुतळी कबूल केलीस, उद्या ट्रक कबूल करावा लागेल." मग त्यांनी स्वतः उत्तर लिहिले: 'सदर गठ्ठे कालपरत्वे सैल झाल्याने काही गठ्ठे दुबार बांधावे लागले, सबब जादा सुतळी खर्ची पडली.' त्यावर परिच्छेद निघाला: 'दुबार बांधल्याचा पुरावा सादर करावा.' आणि सुतळी अमर झाली.

सुटी केलेली ती ८ ग्रॅम सुतळी आक्षेपाच्या संचिकेला पुरावा म्हणून टाचली गेली. गठ्ठा उघडा पडला, आणि नवी सुतळी घ्यावी तर नवे प्रमाणक, नवी नोंद आणि कदाचित नवा परिच्छेद. म्हणून मामांनी तो घरून आणलेल्या पायजम्याच्या नाडीने बांधला. साठा नोंदवहीत नाडीची नोंद करावी की नाही ह्यावर मी रात्रभर विचार केला आणि केली नाही. शासकीय सेवेतली माझी ती एकमेव लबाडी.

ह्या प्रकरणापासून मला एक व्यसन जडले, ते म्हणजे पूर्वीच्या लोकांनी ह्या बाबतीत काय केले ते शोधण्याचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अक्षपटल नावाच्या हिशेबखात्याचे प्रकरण आहे. वर्ष आषाढी पौर्णिमेला संपे, आणि ठिकठिकाणचे हिशेबनीस मोहोरबंद वह्या व शिल्लक घेऊन राजधानीत हजर होत. तिथे त्यांना एकमेकांशी बोलू देत नसत. ही एक ओळ वाचून मी ग्रंथ मिटला आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. बत्तीस वर्षांत आमच्या कचेरीला जर कोणी एकमेकांशी बोलू दिले नसते, तर अनुपालन कोणी शिकवले असते? त्याच ग्रंथात सरकारी द्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दिलेले आहेत. मी ते दोनदा तपासले, सुतळी त्यात नाही. साहेबांच्या गाद्या बांधण्याचा प्रकार बहुधा मौर्यांच्या पश्चात रूढ झाला असावा.

पेशवाईत ह्या कामाला फड म्हणत, आणि ज्याच्या नावावर त्या फडाची कीर्ती आजवर टिकली आहे त्या नाना फडणिसांचे आडनाव मुळात हुद्द्याचेच. हुजूर दफ्तरात 'चालते दफ्तर' आणि 'एकबेरीज दफ्तर' असे दोन मोठे विभाग असत. महालांचे ताळेबंद, बेहडे, सरंजामाचे हिशेब सगळे तिथे येऊन पडत, आणि ते रुमालांत बांधून ठेवीत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्या दफ्तराची पुष्कळ आबाळ झाली, तरी जे उरले ते इंग्रजांनी १८१८ नंतर ताब्यात घेतले आणि पुढे १८९१ साली पुण्यात त्यासाठी स्वतंत्र दगडी इमारत बांधली. तिथले कोट्यवधी कागद पाहून रियासतकार गोविंदराव सरदेसायांनी १९३० ते १९३४ ह्या काळात निवडक पत्रांचे ४५ खंड छापले. आता विचार करा, की नानांच्या फडात जर माझ्यासारखा एखादा नियमनिष्ठ अभिलेखपाल असता, आणि त्याने मोडी कागदांवर अ, ब, क, ड अशी अक्षरे घालून दहा वर्षे उलटताच 'क' वर्गाचे रुमाल तागडीत घातले असते, तर? मोहिमांचा खर्च गेला असता, श्रावणातल्या रमण्याची दक्षिणा गेली असती, हत्तींच्या चाऱ्यापासून पालखीच्या गोंड्यापर्यंतची बेरीज गेली असती, आणि आमच्या इतिहाससंशोधक मंडळींना भांडायला विषय उरला नसता. ह्यावरून मी असा निष्कर्ष काढला, आणि तो अण्णांना सांगितला, की इतिहास म्हणजे वेळेवर नष्ट न केलेला 'क' वर्ग. अण्णा म्हणाले, "सुतळीचे उत्तर दे."

परंतु हिशेबाचे कागद नष्ट करण्याच्या कामी आपण कितीही गोंधळ घातला तरी इंग्रजांची बरोबरी आपल्याला साधणार नाही, हे मी राष्ट्राभिमान बाजूला ठेवून कबूल करतो. त्यांच्या खजिन्यात शेकडो वर्षे हिशेब कागदावर नव्हे तर लाकडी काठ्यांवर ठेवीत. काठीवर खाचा पाडायच्या, हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभरांची अंगठ्याच्या, विसांची करंगळीच्या आणि एका पौंडाची पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून एक फाक देणाऱ्याला, एक घेणाऱ्याला. दोन्ही फाका जुळल्या तर हिशेब खरा. खाडाखोड अशक्य, स्वाक्षरीची भानगड नाही, आणि वाळवीलाही दातांचा व्यायाम. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत बंद करण्याचा कायदा झाला, परंतु त्या खात्यातले मानाचे पगार खाणारे जुने हुद्देदार जागा रिकामी करीपर्यंत थांबायचे ठरले, आणि ते दीर्घायुषी निघाल्यामुळे अंमलबजावणी १८२६ मध्ये झाली. (हे वाचून मला प्रथमच इंग्रजांविषयी आपलेपणा वाटला.) उरल्या काठ्या. त्या ठेवलेली जागा दुसऱ्या कामाला हवी झाली, तेव्हा १८३४ सालच्या १६ ऑक्टोबरला दोन गाडाभर काठ्या पार्लमेंटच्या इमारतीत, सरदारांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला दिल्या. दोन मजूर सकाळपासून सायंकाळपर्यंत काठ्या कोंबीत राहिले. वाळकुंजी लाकडे ती, धडाडून पेटली. दुपारी वरचे सभागृह पाहायला पाहुणे आले, त्यांना धुरामुळे भिंतीवरची विणलेली चित्रे दिसेनात आणि बुटांतून तळपाय भाजू लागले. तरीही कोणाला त्यात लेखी कळविण्याजोगे काही वाटले नाही. रात्री दोन्ही सभागृहे जळून गेली. टर्नर नावाच्या मोठ्या चित्रकाराने तो वणवा पाहून पुढे त्याची चित्रे केली, आणि डिकन्सने नंतर एका भाषणात, ह्या काठ्या गोरगरिबांना जळणाला का दिल्या नाहीत अशी विचारणा करून सरकारी डोक्याची चांगलीच हजेरी घेतली. माझ्या दृष्टीने मात्र ह्या आगीतले सर्वांत हृदयस्पर्शी नुकसान वेगळेच आहे: सबंध साम्राज्याची लांबी आणि वजन ज्यांवरून ठरे ते प्रमाण यार्ड आणि प्रमाण पौंड त्याच इमारतीत होते, तेही त्या आगीत निकामी झाले. हिशेब जाळायला गेले आणि मापच जाळून बसले. कल्पना करा, दुसऱ्या दिवशी जर माझे कृश गृहस्थ तिथे लेखापरीक्षेला गेले असते, तर सुतळी जोखणार कशावर?

आमच्याकडे नष्टीकरण इतके सुटसुटीत नसते. १९८०च्या दशकाच्या आरंभी नगरला अनिलकुमार लखिना ह्या जिल्हाधिकाऱ्यांनी कचेरी आवरण्याची, कागद मागितल्याबरोबर हाती लागेल असा ठेवण्याची जी पद्धत बसविली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली आणि तिची वार्ता पसरताच आमच्या जिल्ह्यात पटकीची साथ आल्यासारखी धावपळ उडाली. कपाटांमागून कपाटे निघाली. एका कपाटात मामांचा हरवलेला छत्र्यांचा संच सापडला. मग नाशास पात्र कागदांच्या याद्या झाल्या, त्यांवर सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी मंजुरी झाली, कागद फाडून ओळख पुसल्याचा दाखला झाला, रद्दीची दरपत्रके मागविली गेली, वजन झाले, रक्कम चलनाने भरली गेली. परंतु फाडणारे हात दोन आणि कागद खंडीवारी, त्यामुळे सगळेच काही फाटले नाही. पुढच्या गुरुवारी बाजारात मी भेळ घेतली ती आमच्याच कचेरीच्या एका प्रवासभत्ता देयकात, आणि चिंचेच्या चटणीखाली माझे स्वतःचे 'तपासले' हे अक्षर ओळखून मला गहिवरून आले. भत्ता बरोबर होता. भेळ संपेपर्यंत मी तो पुन्हा तपासला.

ह्या सगळ्यातून निष्पन्न काय झाले म्हणाल, तर नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही. केंद्र शासनाच्या वित्तीय नियमांतच म्हटले आहे की नष्ट केलेल्या अभिलेखांचा संपूर्ण तपशील प्रत्येक कचेरीने कायमस्वरूपी जतन करावा. म्हणजे जे गेले ते 'क' किंवा 'ड', परंतु ते गेल्याची नोंद 'अ'. शिवाय मंजुरीची संचिका, दरपत्रकांची संचिका, वजनाच्या पावत्या, चलन हे सर्व ताजे वित्तीय अभिलेख. त्यांची लेखापरीक्षा व्हायची. आणि ती झाली तेव्हा यादीवरून अंदाजलेले वजन व तागडीवरचे वजन ह्यांत तफावत निघाली. आम्ही उत्तर दिले, 'उन्हाळ्यात कागदातील आर्द्रता कमी झाल्याने'. तो परिच्छेदही अजून जिवंत असल्याचे मी ऐकतो. खोली रिकामी करून मिळालेली जागा, खोली रिकामी केल्याच्या कागदांनी दोन वर्षांत भरून गेली.

आणि माझे २१२ गठ्ठे? त्या यादीत ते घातले होते, मुदत केव्हाच उलटलेली होती, परंतु अण्णांच्या जागी आलेल्या हेडक्लार्कांनी त्यांवर शेरा मारला: 'सदर गठ्ठ्यांस बांधलेली सुतळी प्रलंबित आक्षेपाचा विषय आहे. गठ्ठे सोडल्यास पुरावा नष्ट होईल.' कागद 'ड' होते, त्यांचा काही गुन्हा नव्हता. ते केवळ वाईट संगतीत बांधले गेले होते. त्यांत होत्या स्वातंत्र्यदिनाच्या निमंत्रणपत्रिका, रजेचे अर्ज, 'साहेब दौऱ्यावर असल्याने' अशी आरंभ होणारी शेकडो पत्रे. पुढे उंदीर झाले. उंदरांनी कागदाला तोंड लावले नाही. सुतळी तेवढी कुरतडली. मी पंचनामा केला, दोन पंच बोलाविले, कुरतडलेले तुकडे पाकिटात घालून मोहोरबंद केले, आणि नाडीने बांधलेला एकच गठ्ठा धडधाकट असल्याचे पाहून पंचांपैकी एकाने "हा कोणत्या वर्गाचा?" असे विचारले, त्यास उत्तर दिले नाही.

२००८ साली मी निवृत्त झालो. निवृत्तिवेतनाच्या कागदांना ना-देय दाखला लागतो, आणि दाखला देणाऱ्या तरुण लिपिकाने संगणकावर पाहून मोठ्या संकोचाने सांगितले, "भाऊसाहेब, तुमच्या नावावर एक रुपया त्र्याहत्तर पैसे दिसताहेत." अण्णा निवर्तले होते, मामा निवर्तले होते, साहेब गाद्यांसह कोठे गेले हे ठाऊक नव्हते. मी म्हटले, भरतो. परंतु कोषागारात रक्कम पूर्णांक रुपयांत घेतात, त्यामुळे चलन २ रुपयांचे झाले. दाखला मिळाला, निवृत्तिवेतन सुरू झाले. आणि पुढच्या लेखापरीक्षेत परिच्छेद आला: '२७ पैसे जादा भरणा, संबंधितांस परत करण्याबाबत कार्यवाही करावी.' तेव्हापासून मला कचेरीचे पत्र येते की आपण अर्ज, मूळ चलन आणि बँकेच्या खातेपुस्तकाची छायांकित प्रत घेऊन समक्ष हजर राहावे. बत्तीस वर्षे मी शासनाचा देणेकरी होतो. आता शासन माझे देणेकरी आहे, आणि खरे सांगायचे तर ही स्थिती मला आवडू लागली आहे. मी अर्ज करीत नाही. मूळ चलन मात्र एका पत्र्याच्या ट्रंकेत, बाकीच्या कागदांसह, जपून ठेवले आहे.

गेल्या दिवाळीपूर्वी सौभाग्यवतींनी ट्रंक ओसरीवर ओढून काढली. "अहो, ह्यातले काय ठेवायचे आणि काय द्यायचे ते एकदाचे सांगा, रद्दीवाला दारात उभा आहे." मी स्टुलावर बसलो, अ, ब, क, ड केले. तिची लग्नातली पत्रिका तिने स्वतःच 'अ'मध्ये ठेवली. माझी प्रशस्तिपत्रे तिने, मला न विचारता, 'ड'मध्ये टाकली. चलन मी हळूच धोतराच्या सोग्यात घेतले. मग मी यादी लिहू लागलो, तेव्हा रद्दीवाल्याने तराजू खाली ठेवला आणि विचारले, "काका, हे लिहिताय कशाला?"

"वजन किती भरले?" मी म्हटले.

"साडेचार किलो. पण काका, पसरट कागद आहेत, सायकलवर राहायचे नाहीत. बांधायला जरा सुतळी द्या की."

मी आत गेलो आणि त्याला पायजम्याची नाडी आणून दिली.